राजूरचा चुना आणि भिंतीवरचे जंतू

चुन्याची सफेदी हा खनिजापासून होणारा जंतुनाशक लेप आहे, आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यात त्याचा कच्चा माल पायाखालीच सापडतो. यवतमाळ जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या बेसाल्टने झाकलेला आहे. वणीच्या बाजूला मात्र त्याहून कितीतरी जुने खडक उघडे पडतात. त्यांत पैनगंगा या खडकसमूहातली चुनखडी आहे. म्हणूनच वणीजवळच्या राजूरला कोळशाच्या खाणीबरोबर चुनाभट्ट्याही उभ्या राहिल्या, आणि मुकुटबनच्या पट्ट्यात चुनखडी व डोलोमाइट निघते.

भट्टीत चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली जाते. शंभर किलो शुद्ध चुनखडीतून ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि ५६ किलो कळीचा चुना उरतो. कळीवर पाणी पडले की ती सणसणते, फुगते, तडकते आणि तिचे पीठ होते. हाच विरलेला चुना. तो पाण्यात कालवून, गाळून, किंचित नीळ टाकून कुंच्याने भिंतीवर चढवला की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत हळूहळू पुन्हा चुनखडी होतो. भट्टीत दगडातून जे निघून गेले, ते भिंतीवर परत येते.

जंतू मरतात ते या दोन टोकांमधल्या अवस्थेत. विरलेल्या चुन्याच्या निवळीचा सामू, म्हणजे पीएच, साधारण १२.४ असतो, तर माणसाच्या रक्ताचा ७.४ च्या आसपास. सामूची प्रत्येक पायरी दहापटीची असल्याने हा फरक लाखपटीचा आहे. इतक्या अल्कधर्मी पाण्यात बहुतेक जिवाणूंची पातळ बाह्य आवरणे आणि प्रथिने मोडतात, अनेक विषाणू निकामी होतात, बुरशीला मूळ धरता येत नाही. काही जिवाणूंचे टणक बीजाणू मात्र यातूनही तगतात.

ही शक्ती किती दिवस टिकते, ते घरच्या हळदीने पाहता येते. कुंकू पूर्वी हळद आणि चुन्यापासून करत. तोच रंगबदल इथे कामी येतो. आदल्या दिवशी सफेदी केलेल्या भिंतीवर हळदीच्या पाण्याचा थेंब लावला की तो तांबडा होतो. वर्षभरापूर्वीच्या सफेदीवर तो जवळपास पिवळाच राहतो, कारण तो थर आता चुना नसून पुन्हा दगड झालेला असतो. पातळ थर काही दिवसांत ते काही आठवड्यांत असा बदलतो. म्हणजे हात लावायला जी भिंत अगदी निर्धोक झाली, तिची जंतू मारण्याची ताकदही संपलेली असते. जंतू मारणे आणि हाताला बाधणे हे दोन्ही गुण एकाच अल्कधर्माचे असल्याने एक ठेवून दुसरा काढता येत नाही. दर दिवाळीला गोठा, मोरी, माजघर नव्याने पोतारण्याची रीत म्हणूनच शास्त्राला धरून आहे.

धोकाही चुना ओला असतानाचाच. कळी विरताना पाणी उकळण्यापर्यंत तापू शकते, म्हणून प्लास्टिकची बादली वापरू नये, आणि आधी पाणी घेऊन त्यात कळी थोडी थोडी सोडावी. कळीच्या ढिगावर एकदम पाणी ओतले की गरम चुना उसळून अंगावर येतो. पण सर्वांत जपायचे ते डोळ्यांना. आम्लाने भाजलेल्या जागी प्रथिने गोठून निदान पुढची वाट थोडीफार अडते; अल्क मात्र ऊती विरघळवत आत उतरत जातो आणि बुबुळ कायमचे पांढरे पडू शकते. तंबाखूबरोबर मिळणाऱ्या चुन्याची पुडी लहान मुलाच्या हातात दाबली जाऊन फुटते आणि चुना थेट डोळ्यात जातो, अशी दुखापत भारतातल्या नेत्रतज्ज्ञांच्या चांगली परिचयाची आहे. अशा वेळी लिंबू, तूप, दूध यांच्या मागे एक क्षणही घालवू नये. पापण्या उघड्या धरून अर्धा तास स्वच्छ पाण्याची धार सोडावी, पापणीच्या आत अडकलेले कण निघतील असे पाहावे आणि लगेच डॉक्टर गाठावा. सफेदी करणाऱ्याला चष्मा, हातमोजे आणि अंगभर कपडे मिळालेच पाहिजेत. छताला चुना मारताना माणूस वर पाहत असतो आणि थेंब खाली येत असतो.

भट्टीवर काम करणाऱ्यांचा वाटा याहून जड आहे. कळीच्या चुन्याची धूळ घामाने भिजलेल्या अंगावर आणि नाकाघशात विरतच बसते. भट्टीतून निघणाऱ्या वायूंत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, त्यामुळे थंडीत उबेसाठी भट्टीच्या काठाशी झोपणे जिवावर बेतू शकते. कुठलाही लेप सुरक्षित म्हणायचा तर तो करणाऱ्याचा हिशेबही त्यात धरायला हवा, आणि तोच बहुधा सुटतो.

चुन्याने जंतू मरतात म्हणून रोग थांबतोच असे नाही, हे महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या कारकिर्दीत सोल्जर घरात घुसून झडत्या घेत, सामान बाहेर काढून घरे जंतुनाशकांनी धूत आणि भिंतींना चुना फासत. प्लेगचा जिवाणू त्याच्या तीन वर्षे आधीच हाँगकाँगला सापडला होता. पण तो उंदरावरच्या पिसवांतून माणसात येतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये मांडले. पिसवा उंदरांबरोबर हिंडत होत्या आणि चुना भिंतीला लागत होता. लोकांच्या घरादाराची विटंबना झाली, प्लेग मात्र पुढे कित्येक वर्षे राहिला.

जंतू मारण्याचा प्रत्यक्षात किती उपयोग होतो, हा प्रश्न आजच्या जंतुरोधक रंगांनाही विचारायला हवा. त्यांत चुन्याऐवजी चांदी, तांबे, जस्ताचे ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असते. चांदी आणि तांब्याचे आयन ओलाव्यात थोडे थोडे सुटतात आणि जिवाणूंना मारतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००८ मध्ये तांब्याच्या मिश्रधातूंना जंतुनाशक म्हणून नोंदणी दिली. पण भिंतीवरच्या रंगात धातू अल्प असतो आणि राळेत अडकलेला असतो. आयएसओ २२१९६ या प्रचलित चाचणीत जिवाणूंचा द्रव नमुन्यावर पसरून, वरून पातळ पडदा टाकून, ३५ अंशांच्या आसपास आणि भरपूर दमटपणात चोवीस तास ठेवतात. वणीत मे महिन्याच्या दुपारी कोरडी ठणठणीत भिंत अशी कधीच नसते. टायटॅनियम डायऑक्साइडला तर जंतू मारायला अतिनील प्रकाश लागतो, तो माजघरात कुठून येणार?

या घटकांच्या सुरक्षिततेबाबतही नेमके बोलावे लागते. टायटॅनियम डायऑक्साइड माणसात कर्करोग घडवू शकते, अशी शक्यता आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००६ मध्ये नोंदवली, ती श्वासातून जाणाऱ्या धुळीच्या संदर्भात. युरोपीय संघाने २०२२ मध्ये ते खाद्यपदार्थांतून हद्दपार केले. सुकलेल्या रंगात घट्ट बसलेल्या कणाबद्दल हे दोन्ही निर्णय बोलत नाहीत. धुतलेल्या पृष्ठभागावरून निघालेली चांदी आणि जस्त मोरीतून नाल्यात जाते, आणि पाण्यातल्या जीवांना ती अगदी थोड्या प्रमाणातही बाधते. वणीचे सांडपाणी अखेर निर्गुडा नदीकडेच उतरते.

खऱ्या धोक्याची वेळ येते ती जुना थर खरवडताना. तेव्हा राळेत बसलेले सगळे कण, भरावासाठी घातलेली गारेची भुकटी आणि जुन्या रंगातले शिसेही मोकळे होते. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग अशी १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगांना ती नव्हती. म्हणून जुनी भिंत ओली करून घासावी, मुलांना आणि गरोदर बाईला घराबाहेर ठेवावे, धूळ झाडूने न उडवता ओल्या फडक्याने टिपावी.

चुना घेताना एक खूण उपयोगी पडते. चुन्याच्या नावाखाली न भाजलेल्या चुनखडीची किंवा डोलोमाइटची पांढरी भुकटीही हातात पडू शकते. गटाराकडेला टाकलेली तिची रेघ दिसते ठसठशीत, पण तिने जंतू मरत नाहीत. चिमूटभर पूड पाण्यात कालवून हळदीचा थेंब टाकावा. तांबडा झाला तर तो चुना, पिवळा राहिला तर नुसता दगड.