नंदीबैलवाला कायद्यात कसा आला?

कायद्यांचे मसुदे वाचायचा नाद मला फार जुना आहे. मंजूर झालेला कायदा वकील वाचतातच. मला ओढ असते ती मंजुरीआधीच्या कागदांची: पुरःस्थापित विधेयक, त्याला जोडलेले उद्देश व कारणांचे निवेदन, सभागृहात सुचवलेल्या दुरुस्त्या, समितीचा अहवाल. हे कागद एकमेकांशेजारी ठेवून वाचले की कोणता शब्द कधी आला, कधी गेला आणि कोणाच्या दबावाने बदलला याचा माग लागतो. या नादात ज्या एका कायद्याने मला सर्वांत जास्त काळ धरून ठेवले, तो 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा.

या कायद्याच्या शेवटी एक यादी आहे. परिशिष्टात गुन्हे सांगितले आहेत, तर ही यादी नेमकी उलटी: या गोष्टींना हा कायदा लागू होणार नाही, असे ती बजावते. प्रदक्षिणा, यात्रा, परिक्रमा. हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन. दिवंगत संतांच्या चमत्कारांविषयी बोलणे आणि लिहिणे. मंदिर, दर्गा, गुरुद्वारा, पॅगोडा, चर्च किंवा घरी होणारी प्रार्थना-उपासना, मात्र तिच्यामुळे कोणाला शारीरिक इजा किंवा आर्थिक नुकसान होता कामा नये. मुलांचे कान-नाक टोचणे. जैनांचे केशलोचन. वास्तुशास्त्राचा सल्ला. जोशी-ज्योतिषी, नंदीबैलवाले ज्योतिषी आणि इतर ज्योतिषी. जमिनीखालचे पाणी सांगणारे पाणाडे.

नंदीबैलवाला! गुबूगुबू वाजवत दारी येणारा, बैलाच्या मानेच्या होकारावर पोट भरणारा भटक्या जमातीतला माणूस राज्याच्या फौजदारी कायद्यात नाव घेऊन उभा आहे. मंत्रालयातल्या विधी व न्याय विभागात बसलेल्या मसुदाकाराला तो आपणहून आठवला असेल, असे मला वाटत नाही. कोणीतरी विचारले असणार, ‘मग नंदीबैलवाल्याचे काय?’ आणि त्या प्रश्नाचे उत्तर कायद्यात लिहावे लागले असणार. केशलोचनाचेही तसेच, पाणाड्याचेही तसेच. ही अख्खी यादी म्हणजे लोकांच्या हरकतींचा राजपत्रात उमटलेला ठसा आहे.

या कायद्याची पार्श्वभूमी वाचकांना माहीत आहे, म्हणून ती भरभर सांगतो. 1995 मध्ये असा कायदा करावा, असा ठराव विधान परिषदेत झाला. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने मागणी लावून धरली. मसुद्याच्या कामात याच चळवळीतले श्याम मानवही होते. 2003 मध्ये सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री असताना मसुदा मंत्रिमंडळापर्यंत पोहोचला. डिसेंबर 2005 मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात विधानसभेने विधेयक मंजूर केले. विधान परिषदेत मात्र ते अडले, आणि तिथून पुढची वर्षे ते समिती, बैठका, आश्वासने यांत फिरत राहिले.

इथे एक तांत्रिक बाब आहे आणि ती प्रत्येक चळवळीने पाठ करावी इतकी महत्त्वाची आहे. संविधानाच्या अनुच्छेद 196 नुसार, विधानसभेने मंजूर केलेले पण परिषदेत पडून असलेले विधेयक विधानसभा विसर्जित झाली की व्यपगत होते. म्हणजे विधेयक हाणून पाडण्यासाठी त्याच्या विरोधात मत देण्याचीही गरज नसते. निवडणुकीपर्यंत ते थांबवून धरले की पुरे. 2009 च्या निवडणुकीनंतर 2011 मध्ये नवा मसुदा आला, तो यामुळेच. 2013 च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दाभोलकरांनी पत्रकार परिषदेत जाहीर तक्रार केली की, सात अधिवेशने झाली तरी विधेयकावर चर्चाच होत नाही. त्यानंतर जेमतेम दोन आठवड्यांनी, 20 ऑगस्टच्या सकाळी, पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांचा खून झाला. दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळाने वटहुकमाचा निर्णय घेतला. वर्षानुवर्षे ज्या कागदाला वेळ मिळाला नव्हता, त्याला एका रात्रीत मिळाला. याची चीड मला आजही येते.

वटहुकूम अनुच्छेद 213 खाली निघतो आणि अधिवेशन भरल्यापासून सहा आठवड्यांत तो संपतो, म्हणून डिसेंबरात विधेयक आणणे भागच होते. सामाजिक न्यायमंत्री शिवाजीराव मोघे यांनी ते मांडले. 13 डिसेंबरला विधानसभेने आणि 18 डिसेंबरला विधान परिषदेने ते मंजूर केले.

आता त्या यादीकडे परत वळतो, कारण खरा झगडा तिथे आहे. विरोध करणाऱ्यांत हिंदुत्ववादी संघटना होत्या आणि वारकरी संप्रदायातली मोठी मंडळीही होती. वारकऱ्यांची शंका सरळ होती: ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली हे कीर्तनात सांगितले, तर कीर्तनकार गुन्हेगार ठरणार का? चळवळीतले अनेक कार्यकर्ते या शंकेला कांगावा म्हणत. मला तसे वाटत नाही. फौजदारी कायद्यातला मोघम शब्द उद्या कोणता हवालदार कोणाविरुद्ध वापरेल, हा प्रश्न विचारण्याचा हक्क कीर्तनकारालाही आहे. आणि विरोधकांनी एक गोष्ट अचूक केली. ‘कायदा नको’ एवढ्यावर त्यांचा विरोध थांबला नाही, तो मसुद्यातल्या शब्दांपर्यंत गेला. कोणता शब्द खटकतो, तो कोणाला लागू होईल, कोणाला वगळायला हवे, हे विचारले गेले. त्या प्रश्नांपुढे मसुदा एकेक पाऊल मागे सरत गेला.

2005 च्या विधेयकाच्या नावात जादूटोणा अग्रभागी होता. 2013 च्या कायद्याचे नाव नरबळीपासून सुरू होते, पुढे अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा येतात आणि जादूटोणा शेवटी. नरबळीच्या बाजूने कोण बोलणार? शीर्षकातच विरोधाची धार बोथट करणारा हा बदल मला मसुदालेखनाचा उत्तम नमुना वाटतो.

परिशिष्टात बारा नोंदी आहेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळदंडाने बांधणे, मारहाण करणे, मूत्र पाजणे. एखादी व्यक्ती करणी करते, तिच्यामुळे गुरांचे दूध आटते, असे ठरवून तिचे जगणे अवघड करणे. साप, कुत्रा, विंचू चावला असता दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे. बोटांनी शस्त्रक्रिया करतो किंवा गर्भाचे लिंग बदलतो, असा दावा करणे. मूल नसलेल्या बाईला दैवी शक्तीची थाप मारून तिच्याशी लैंगिक संबंध ठेवणे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. प्रत्येक नोंदीत इजा किंवा फसवणूक डोळ्यांपुढे उभी राहते. कोणाच्या श्रद्धेची तपासणी करावी लागत नाही. वटहुकूम निघाल्यावर थोड्याच दिवसांत नांदेडमध्ये पहिला गुन्हा नोंदला गेला, तोही असाध्य रोग चमत्काराने बरे करण्याच्या जाहिरातींवरून.

माझे मत स्पष्ट आहे. कीर्तन, वारी, केशलोचन यांना दिलेले संरक्षण योग्य होते आणि त्याने कायदा टिकाऊ झाला. नंदीबैलवाल्याला वगळले हेही बरे झाले, कारण नाहीतर पोलिसांचा पहिला दंडुका त्याच्याच पाठीवर पडला असता. पण त्याच ओळीत वास्तुशास्त्र आणि सगळे ज्योतिषी सुटले. लाखांची दक्षिणा घेऊन चांगल्या घराच्या भिंती पाडायला लावणारा सल्लागार आणि सुपातल्या मूठभर धान्यावर भविष्य सांगणारा नंदीबैलवाला एका वाक्यात बसले आहेत, ही या कायद्यातली मोठी उणीव आहे. गरिबाच्या आडून धनवान सुटला. समर्थक त्या काळात रस्त्यावर होते, धरणे धरत होते, सह्या गोळा करत होते. त्याशिवाय विधेयक जिवंतच राहिले नसते. पण वगळण्याच्या यादीतल्या त्या एका ओळीसाठी तितक्याच नेटाने पर्यायी शब्द घेऊन कोणी बसायला हवे होते.

हरकतींनी मसुदा हलतो, हे अलीकडे वेगळ्या संदर्भातही दिसले. विशेष जनसुरक्षा विधेयक 2024 मध्ये दोनदा मांडले गेले आणि नंतर दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले. चंद्रशेखर बावनकुळे समितीचे अध्यक्ष होते. समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना-हरकती आल्या. जुलै 2025 मध्ये विधेयक मंजूर झाले तेव्हा त्यात मोजकेच बदल झाले होते: शीर्षकाच्या ओळीत रोख कडव्या डाव्या संघटनांकडे वळवला गेला, सल्लागार मंडळाची रचना बदलली, तपास पोलीस उपअधीक्षकाच्या पातळीवर नेला. बारा हजार पत्रांच्या मानाने हे फार थोडे आहे, आणि या कायद्याविषयीचे माझे आक्षेप कायम आहेत. तरीही सल्लागार मंडळावर कोण बसेल यासारखा प्रश्न पत्रांच्या रेट्याने हलतो, हे मला 2013 च्या त्या यादीइतकेच महत्त्वाचे वाटते.

मग नागरिकाने करायचे काय? आपल्याकडे अडचण मुख्यतः वेळेची आहे. केंद्र सरकारने 2014 मध्ये धोरण ठरवले की मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवावा. ते केंद्राच्या खात्यांसाठी आहे, राज्याला बांधत नाही. राज्यात विधेयक अनेकदा अधिवेशनातच मांडले जाते आणि त्याच अधिवेशनात मंजूर होते. समितीकडे गेले तरच श्वास घ्यायला जागा मिळते. म्हणून विधेयक आवडले नाही तर पहिली मागणी ‘मागे घ्या’ ही करण्यापेक्षा ‘संयुक्त समितीकडे पाठवा’ ही करावी, ती मान्य होण्याची शक्यता जास्त असते.

समितीला पत्र लिहिताना खंडाचा आकडा लिहावा, खटकणारे शब्द उतरवून घ्यावेत, त्याखाली आपले पर्यायी शब्द द्यावेत आणि ते कोणावर परिणाम करतील त्याचे एक खरे उदाहरण द्यावे. विधेयके मराठीत छापली जातात, त्यामुळे भाषेची सबब उरत नाही; इंग्रजी पाठही पाहावा, कारण न्यायालयात तो अधिकृत मानला जातो. कायदा झाल्यावरही दार बंद होत नाही. त्याखालचे नियम करताना कायद्याने पूर्वप्रसिद्धी सांगितली असेल, तर मसुदा राजपत्रात छापून हरकती मागवाव्या लागतात, आणि रोजच्या जगण्याला जे भिडते ते बहुधा नियमांतच असते. राहिलेल्या तक्रारींसाठी विधिमंडळाची विनंती अर्ज समिती आहे. स्थानिक आमदार लक्षवेधी किंवा तारांकित प्रश्न देऊ शकतो, पण त्यासाठी त्याच्या हातात मुद्द्याचा तयार कागद द्यावा लागतो. मोर्चाच्या निवेदनात ‘काळा कायदा रद्द करा’ एवढेच असेल, तर सभागृहात त्याला वाचायला काही उरत नाही.

2017 मध्ये कर्नाटकाने आणि 2024 मध्ये गुजरातने याच विषयावर आपापले कायदे केले. महाराष्ट्राच्या कायद्यातल्या वास्तुशास्त्राच्या ओळीवर मात्र दुरुस्ती आजही करता येण्यासारखी आहे. एखादा सदस्य अशासकीय विधेयकाने ती मांडू शकतो. दिवाळी झाली की काही आठवड्यांत नागपूरचे हिवाळी अधिवेशन येते. वाचकहो, त्याआधी आपल्या आमदाराला पत्र पाठवा: एक कायदा, एक खंड, बदलायचे शब्द आणि त्यांच्या जागी हवे असलेले शब्द.