मित्रासोबत परदेशात रोड ट्रिप? आधी दोघांचं लायसन्स बघा!

समजा, सफाळ्याचे दोन मित्र. विरारकडे जाणाऱ्या लोकलमध्ये उभ्या उभ्या प्लॅन ठरला: बॅग पाठीवर टाकायची, व्हिएतनाम गाठायचं, भाड्याच्या बाईकवर डोंगर पालथे घालायचे. स्वस्त तिकीट मिळालं, ई-व्हिसाही आला. मग अडतं कुठे?

इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, म्हणजे आयडीपीवर. हे आरटीओ देतं. अर्ज 'परिवहन' पोर्टलवर, फी १००० रुपये, मुदत जास्तीत जास्त १ वर्ष. पण भारताचं आयडीपी १९४९च्या जिनिव्हा करारानुसार असतं आणि व्हिएतनाम १९६८च्या व्हिएन्ना करारातलं परमिट मानतं. म्हणजे आपलं तिथे चालत नाही. बाईकवाला सहसा काही विचारत नाही, पोलीस विचारतात. दंड भरून सुटता येईल. पण अपघात झाला तर ट्रॅव्हल इन्शुरन्सचा क्लेम अडकू शकतो आणि हॉस्पिटलचं बिल खिशातून जातं.

थायलंड, जपानमध्ये १९४९चं आयडीपी चालतं. मात्र लायसन्स फक्त कारचं असेल तर परमिटवर बाईक येत नाही.

कार घेतलीत तर आणखी एक. 'तू दमलास, आता मी चालवतो' हे मुंबई-अहमदाबाद हायवेवर ठीक आहे. भाड्याच्या गाडीत करारावर दुसऱ्याचंही नाव 'ॲडिशनल ड्रायव्हर' म्हणून हवं, नाहीतर गाडीचा विमा लागू होत नाही.

व्हिएतनामच हवं असेल तर डोंगराळ हा जियांगमध्ये स्थानिक बाईकस्वार मिळतात. दोघांनी दोन बाईकवर मागे बसायचं.