मदतीसाठी धाव

शाळेतल्या धावण्याच्या शर्यती तुम्ही पाहिल्या असतील. शिट्टी वाजते, मुले धावतात, पहिल्या आलेल्याला बक्षीस मिळते. पण काही माणसे स्वतःसाठी नव्हे, तर दुसऱ्याच्या मदतीसाठी धावतात. धावण्याने पैसे कसे जमतात, असा प्रश्न तुम्हांला पडला असेल.

प्रथम पुणे जिल्ह्यातील बारामतीची एक खरी गोष्ट ऐका. लता करे नावाच्या बाई बुलढाणा जिल्ह्यातून कामासाठी बारामतीला येऊन राहिल्या होत्या. त्या शेतात मजुरी करत. त्यांचे पती भगवान करे आजारी पडले. डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्या, पण हातात पैसा नव्हता. तेव्हा बारामतीत मॅरेथॉन स्पर्धा होणार असल्याचे त्यांना कळले. ज्येष्ठांच्या शर्यतीला पाच हजार रुपयांचे बक्षीस होते. साठी उलटलेल्या लताबाई नऊवारी लुगडे नेसून, अनवाणी पायांनी धावल्या आणि पहिल्या आल्या! पतीच्या तपासण्यांची सोय झाली. २०२० साली त्यांच्या जीवनावर मराठी चित्रपट निघाला. त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा खास उल्लेख झाला.

ही गोष्ट ऐकून आपल्याला आनंद होतो. पण थोडा विचार करा. लताबाई दुसऱ्या आल्या असत्या तर? पतीचा आजार तोच राहिला असता आणि पहिले बक्षीस मात्र दुसऱ्या कोणाला गेले असते. एवढी मोठी गरज एका शर्यतीच्या निकालावर अवलंबून राहावी, हे मला बरे वाटत नाही.

म्हणून लोकांनी एक वेगळी रीत काढली. या रीतीत पैसा बक्षिसातून येत नाही, वर्गणीतून येतो. तुम्ही घरी ज्याला चंदा म्हणता, तीच ही वर्गणी.

कॅनडा देशातील टेरी फॉक्स या तरुणाचे उदाहरण पाहा. हाडाच्या कर्करोगामुळे १९७७ साली त्याचा उजवा पाय कापावा लागला. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. कर्करोगावरील संशोधनासाठी पैसे जमवायचे त्याने ठरवले. एप्रिल १९८० मध्ये तो कृत्रिम पाय लावून देशाच्या पूर्व टोकाहून निघाला. तो रोज सुमारे ४२ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ एक पूर्ण मॅरेथॉन धावत असे. त्याच्याबरोबर कोणी स्पर्धक नव्हता. त्याचे मागणे एवढेच होते, की देशातील प्रत्येकाने एक डॉलर द्यावा. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर अंतर कापल्यावर आजार फुप्फुसांत पसरला आणि त्याला थांबावे लागले. तो दुसऱ्या टोकाला पोहोचला नाही, तरीही लोक पैसे देत राहिले. कॅनडाची लोकसंख्या तेव्हा सुमारे २ कोटी ४० लाख होती. फेब्रुवारी १९८१ पर्यंत तितके डॉलर जमले! त्याच वर्षी जून महिन्यात टेरी वारला.

आपल्याकडे मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. तिच्यात भाग घेणारे अनेक जण एखादी सेवाभावी संस्था निवडतात आणि नातेवाइकांकडून, मित्रांकडून तिच्यासाठी देणग्या मिळवतात. तिच्यातील 'ड्रीम रन' या छोट्या दौडीत तर पहिला-दुसरा क्रमांकच नसतो. कोणी चालतो, कोणी गप्पा मारत जातो!

हे फक्त मोठ्या शहरातच जमते असे मुळीच नाही. बारामती तालुक्यात लोणी भापकर हे गाव आहे. तेथे जुनी देवळे आणि दगडी बांधणीची सुंदर पुष्करणी आहे. समजा, गावातील चाळीस मुलांनी तेथून तीन किलोमीटर धावायचे ठरवले. प्रत्येकाने आधी दहा माणसांना विचारले, "मी धावलो तर किलोमीटरमागे दोन रुपये द्याल का?" दहा माणसे, दोन रुपये, तीन किलोमीटर, म्हणजे एका मुलामागे साठ रुपये झाले. चाळीस मुलांचे किती? २,४०० रुपये. एवढ्या पैशांत एखाद्याचा चष्मा येईल, दुसऱ्याची पुस्तके येतील. सर्वांत शेवटी, धापा टाकत आलेल्या मुलानेही साठच रुपये आणले, हे लक्षात घ्या. आणि ज्याला चष्मा हवा आहे, त्याला स्वतः धावावे लागले नाही. त्याचे नावही कोणाला सांगावे लागले नाही.

मात्र अशा दौडीची तयारी नीट हवी. दौड सकाळी ऊन चढण्यापूर्वी ठेवावी. वाटेत पिण्याचे पाणी आणि मोठी माणसे हवीत. ज्याची तब्येत बरी नाही त्याने धावू नये, त्याने वह्या सांभाळाव्यात. मंडप, टोप्या, हार यांवर खर्च करू नये, नाहीतर जमलेले पैसे तेथेच संपतात! पैसे कशासाठी हवेत, हे वर्गणी मागतानाच सांगावे. कोणाकडून किती रुपये आले आणि ते कोठे गेले, याचा हिशेब लिहून आठवड्याच्या आत शाळेच्या फलकावर लावावा. दोन रुपये देणाऱ्यालाही तो वाचता आला पाहिजे.