बोकड विकण्याआधी काटा धरा

मैत्रिणींनो, गटाचं कर्ज काढून आपण शेळी घेतो, करडं वाढवतो, पाला आणतो, पावसात गोठा सांभाळतो. पण विकायची वेळ आली की व्यापारी दारात येतो, बोकडाच्या पाठीवर हात फिरवतो आणि एक आकडा सांगतो. आपण दोन-तीनशे रुपये वाढवून मागतो आणि सौदा होतो. वर्षभराच्या मेहनतीचा भाव असा नजरेवर ठरतो. व्यापाऱ्याच्या हाताला मात्र सवय असते. या बोकडातून मटण किती निघेल, हे त्याला तिथेच कळलेलं असतं. तो हिशोब आपल्यालाही यायला हवा.

उतारा म्हणजे काय?

चोवीस किलोच्या बोकडातून चोवीस किलो मटण निघत नाही. रक्त, कातडं, मुंडी, पाय, आतडी आणि पोटातला चारा बाजूला गेला की उरतं ते सोललेलं धड. जिवंत वजनाच्या मानाने हे धड किती भरलं, त्याला उतारा म्हणतात. आपल्याकडच्या शेळ्यांत तो साधारण ४० ते ५० टक्के असतो. हिशोबाला ४५ टक्के धरा. (कोंबडीत तो बराच जास्त, ७० टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणून कोंबडीचा हिशोब बोकडाला लावू नका.)

आता मांडून बघा. बोकड २४ किलोचा. ४५ टक्क्यांनी धड १० किलो ८०० ग्रॅम. समजा दुकानात मटण ८०० रुपये किलो आहे. म्हणजे नुसत्या धडाचे ८,६४० रुपये झाले. कलेजी, मुंडी, पाया, वजडी याचे पैसे वेगळे. व्यापारी तुम्हाला ६,००० देत असेल, तर मधे २,६४० रुपये आणि वरचा माल राहतो. त्यातून त्याला गाडीभाडं, मजुरी, दुकानाचा खर्च आणि नफा काढायचा असतो, ते रास्तच आहे. पण मधे एवढी जागा आहे हे माहीत असलं, तर आपण हात जोडून नाही, हिशोबाने बोलतो.

सोपी खूण लक्षात ठेवा: मटणाचा चालू भाव गुणिले ४५, भागिले १००. भाव ८०० असेल तर ३६० येतात. जिवंत वजनाच्या किलोमागे धडाची किंमत तेवढी. खर्च-नफा सोडून त्याच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जा.

पोट भरलेलं की रिकामं?

शेळीच्या पोटात चारा-पाणी मिळून दोन-तीन किलो सहज मावतं. हाच २४ किलोचा बोकड संध्याकाळी चरून, पाणी पिऊन आला की २६ किलो भरेल. धड तेच, १० किलो ८०० ग्रॅम. पण उतारा दिसेल साडेएक्केचाळीस टक्के. म्हणून वजन सकाळी, चारा-पाणी देण्याआधी करा. मीठ चारून, पाणी पाजून वजन फुगवू नका. खाटकाला ते कळतं आणि पुढच्या वेळी तो सगळ्यांचाच भाव पाडतो. लांबच्या प्रवासातही वजन घटतं, म्हणून सौदा शक्यतो आपल्या दारातल्या वजनावर करा.

धडात काय काय असतं?

धड म्हणजे निव्वळ मांस नव्हे. साधारण ६० ते ६५ टक्के मांस, २० ते २५ टक्के हाड आणि बाकी चरबी-पडदे. करडाच्या अंगात आधी हाड वाढतं, मग मांस भरतं, शेवटी चरबी धरते. म्हणून चार-पाच महिन्यांचं दहा-बारा किलोचं करडू विकलं, तर आपण हाडच विकतो. मांस भरायच्या वेळेलाच ते आपल्या दावणीतून जातं. नऊ ते बारा महिने सांभाळलं तर मांसाचं वजन मिळतं. त्यानंतर मात्र खुराकाचा बराच भाग चरबीत जातो. शेळीची चरबी कातडीखाली कमी आणि आतड्या-गुर्द्यांभोवती जास्त असते, ती वरून दिसत नाही. कमरेच्या मणक्यावर हात दाबून बघा. टोकं टोचली तर अजून भरायचा आहे. बोटाला मणका लागतो पण टोचत नाही, तेव्हा तयार झाला.

जातीनेही फरक पडतो. उस्मानाबादी, संगमनेरी, बेरारी आणि आपल्या दमट हवेत टिकणारी सिंधुदुर्गाकडची कोकण कन्याळ या महाराष्ट्राच्या जाती. पण जात कितीही चांगली असली तरी पोटात जंत असतील तर खुराक वाया जातो. पावसाळ्याआधी आणि नंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने जंताचं औषध द्या. औषधानंतर किती दिवस बोकड कापायला द्यायचा नाही, तेही विचारून घ्या.

काटा नसेल तर टेप

शिवणकामाची टेप सगळ्यांकडे असते. पुढच्या पायांच्या मागे छातीचा घेर इंचात मोजा. खांद्याच्या टोकापासून मागच्या बाजूच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. घेर २६ आणि लांबी २४ असेल तर साधारण साडेचोवीस किलो. हा अंदाज आहे, पण नजरेपेक्षा बरा.

मुर्ध्याच्या बायांनी काय करावं?

मुर्धा, राई, मोर्वा ही गावं शहराला लागून आहेत. मटणाचं गिऱ्हाईक भाईंदरमध्येच आहे. मोठा बाजार देवनारला, तिथला कत्तलखाना १९७१ पासून चालू आहे. बकरी ईदला तिथे राजस्थान, गुजरातपासून बोकड येतात. ईदचा बोकड वर्ष पूर्ण झालेला आणि व्यंग नसलेला लागतो. त्याला रूपाचा भाव मिळतो, म्हणून तो किलोवर विकू नका. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते, त्या हिशोबाने करडं राखा. गाभण शेळी मात्र मटणाला कधीच देऊ नका. आणि आपण महापालिका हद्दीत आहोत, तेव्हा जनावरं पाळण्याचे नियम पालिकेत विचारून घ्या.

एकट्या बाईला काटा घेणं जड जातं, गटाला नाही. पुढच्या मासिक बैठकीत टांगायच्या काट्याचा ठराव घ्या. प्रत्येक करडाचं वजन महिन्याला वहीत लिहा. पाच-सहा जणींचे बोकड एकाच दिवशी, वजनावर विका. व्यापारी दारात आला की आधी वही उघडा, मग भाव विचारा.