मुलाखत जपानच्या शाळेसाठी

मुलांनो, आष्टीच्या शाळेत शिकलेली मुलगी पुढे जपानमध्ये इंग्रजी शिकवू शकेल का? प्रश्न ऐकून तुम्हांला हसू येईल. पण परदेशी जाऊन भाषा शिकवणे ही काही नवी गोष्ट नाही. भोपाळचे मौलाना बरकतुल्ला १९०९ साली टोकियोला गेले आणि काही वर्षे तेथे हिंदुस्थानी भाषा शिकवत होते.

जपानमध्ये १९८७ साली 'जेट' नावाची सरकारी योजना सुरू झाली. या योजनेतून निरनिराळ्या देशांतील पदवीधर तरुणांना जपानच्या शाळांत साहाय्यक भाषाशिक्षक म्हणून नेमतात. नेमणूक एका वर्षाची असते, पण ती पाच वर्षांपर्यंत वाढू शकते. आपल्याकडील उमेदवारांना जपानी वकिलातीकडे अर्ज करावा लागतो. जपानमधील खासगी संस्थाही शिक्षक नेमतात. मात्र त्यांपैकी अनेक संस्थांना बारा वर्षे इंग्रजी माध्यमातून शिकलेलाच उमेदवार हवा असतो. उर्दू माध्यमाच्या मुलांनी हे विशेष लक्षात ठेवावे. अटी आधी वाचाव्यात, शंका असेल तर विचारून घ्यावी, मगच अर्ज भरावा.

अर्ज पसंत पडला की मुलाखतीचे बोलावणे येते. विचारणाऱ्यांच्या हातात तुमचाच अर्ज असतो. म्हणून त्यातील प्रत्येक ओळीविषयी बोलता आले पाहिजे. 'जपानच का?' हा प्रश्न बहुधा येतोच. 'मला जपान आवडतो' एवढ्याने भागत नाही. वर्धा जिल्ह्यातील मुलांकडे याहून चांगले उत्तर आहे. निचिदात्सु फुजी हे जपानी भिक्षू १९३३ साली वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले. त्यांच्या पंथाचा जपानी मंत्र पुढे आश्रमाच्या प्रार्थनेत घेतला गेला.

'तुमच्या गावाविषयी सांगा' असेही विचारतात. कारण साहाय्यक शिक्षकाला आपल्या देशाची ओळखही मुलांना करून द्यायची असते. आष्टीत मुघल सरदार मुहम्मद खान नियाझी यांची कबर आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी याच गावाने इंग्रज सरकारविरुद्ध उठाव केला. हे सारे सोप्या इंग्रजीत, चारपाच लहान वाक्यांत सांगण्याचा सराव करावा. मोठमोठे शब्द पाठ करून म्हणणारा उमेदवार लगेच ओळखू येतो!

अवघड प्रश्न वेगळाच असतो. 'तुम्ही काही विचारले आणि सगळा वर्ग गप्प बसला, तर काय कराल?' येथे तुमचे इंग्रजी किती भारी आहे, हे कोणी पाहत नाही. मुले का गप्प बसली, हे तुम्हांला समजते का, ते पाहतात.

मुले चुकायला भितात, हे एक कारण. दुसरे कारण भाषेतच आहे. 'मी पाणी पितो' या वाक्यात क्रियापद शेवटी येते. उर्दूत तसेच, जपानीतही तसेच. इंग्रजीत मात्र ते मध्ये येते. शिवाय जपानीत 'र' आणि 'ल' असे दोन वेगळे ध्वनी नाहीत. त्यामुळे 'राइट' आणि 'लाइट' हे शब्द तेथील मुलांना सारखेच ऐकू येतात. उर्दूत 'ळ' नाही. मराठी शिकताना 'शाळा', 'बाळ', 'फळा' हे शब्द नीट म्हणायला तुम्हांला किती दिवस लागले, ते आठवा. ज्याला ही अडचण स्वतः आलेली असते, त्याला वर्गातील अडचण चटकन कळते. तो गप्प मुलांना आधी चित्र दाखवील, मग शेजारच्याशी दोघांत बोलायला सांगेल आणि त्यानंतरच एकेकाला विचारील.

काही वेळा मुलाखतीतच छोटा पाठ घ्यायला सांगतात. त्याचा सराव घरीही करता येतो. धाकट्या भावाला किंवा बहिणीला दहा इंग्रजी शब्द शिकवा. त्या वेळी उर्दू किंवा मराठी अजिबात बोलायचे नाही. हातवारे करा, चित्र काढा, वस्तू हातात द्या. दुसऱ्या दिवशी त्याला किती शब्द आठवतात, ते मोजा.