अकरा महिन्यांची उमेदवारी

मुलांनो, 'उमेदवार' म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? भिंतीवर चिकटवलेले हसरे चेहरे, भोंगा लावलेली जीप आणि हात जोडून दारात आलेले काका! पण निवडणुका नव्हत्या तेव्हाही हा शब्द आपल्याकडे होता, बरं का. 'उमेद' हा फारसीतून आलेला शब्द. उमेद म्हणजे आशा. पूर्वी एखादा मुलगा कचेरीत कारकुनाच्या शेजारी बसायचा, कागदांच्या नकला करायचा, दप्तरं बांधायचा. पगार नाहीच, असलाच तर अगदी तुटपुंजा. मग तो का राबायचा? आज ना उद्या आपल्याला इथेच चिकटवून घेतील या आशेवर. तो उमेदवार, आणि त्याचं ते शिकत शिकत राबणं म्हणजे उमेदवारी.

अशीच एक उमेदवारी अलीकडे आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर झाली. आठवून पाहा. २०२४ च्या पोळ्याच्या सुमारास तुमच्या ग्रामपंचायतीत, तहसील कचेरीत, कदाचित तुमच्या शाळेतही एखादी नवी ताई किंवा नवा दादा येऊन बसू लागला होता ना? 'मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना' असं त्या योजनेचं लांबलचक नाव. ९ जुलै २०२४ रोजी तिचा शासन निर्णय निघाला. १८ ते ३५ वर्षांच्या तरुणांनी सहा महिने एखाद्या कार्यालयात किंवा कारखान्यात काम शिकायचं. बारावी झालेल्याला महिन्याला ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविका झालेल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन, तेही थेट बँकेत. पुढे २०२५ मध्ये आणखी पाच महिने वाढवून मिळाले. झाले एकूण अकरा महिने.

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या जंगलातल्या एका गावी प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या शाळेची भिंत आणि ग्रामपंचायतीची भिंत एकच. त्यामुळे आमच्याकडे आलेल्या ताईचे ते अकरा महिने मी जवळून पाहिले. तिचं नाव सांगत नाही. तिला आवडणार नाही. ती इथलीच, माडिया घरातली. गोंडवाना विद्यापीठाची बी.ए. (चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या कॉलेजांसाठी २०११ साली हे विद्यापीठ सुरू झालं. त्याआधी इथली कॉलेजं नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती!)

पहिले पंधरा दिवस तिला कामच नव्हतं. खरंच! खुर्ची होती, पण काय करायचं ते कुणाला सांगता येईना. आमची गट ग्रामपंचायत, म्हणजे चार-पाच गावं आणि टोले मिळून एक. ग्रामसेवकांकडे आणखी एका ग्रामपंचायतीचा भार. (ग्रामसेवकांना २०२४ पासून 'ग्रामपंचायत अधिकारी' आणि तलाठ्यांना 'ग्राम महसूल अधिकारी' म्हणायचं ठरलंय. पण गावात जुनीच नावं चालतात.) ते बिचारे आज इकडे, तर उद्या तिकडे. मग ताईने आपणहून कपाट उघडलं आणि नोंदवह्या वाचायला घेतल्या.

तुम्ही म्हणाल, नोंदवह्या काय वाचायच्या! पण ऐका तर. ग्रामपंचायतीच्या वह्यांना 'नमुने' म्हणतात आणि प्रत्येकाला क्रमांक असतो. नमुना ८ मध्ये तुमचं घर असतं: किती मोठं, मातीचं की सिमेंटचं, त्यावर कर किती. जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत तुम्ही स्वतः असता. बाळ जन्मल्यापासून २१ दिवसांत नोंद केली तर फी लागत नाही. आवक-जावक नोंदवहीत गावात आलेलं आणि गावातून गेलेलं प्रत्येक पत्र असतं. महिनाभराने ताई मला म्हणाली, "मॅडम, अख्खं गाव या कपाटात राहते जी. फक्त नावं चुकलेली आहेत."

नावं चुकलेली! हे दुखणं आम्हा शिक्षकांना चांगलं ठाऊक आहे. मुलाचं घरचं माडिया नाव एक. जन्माच्या नोंदीत लिहिणाऱ्याने ऐकलं ते दुसरं. शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरमध्ये तिसरं आणि आधार कार्डावर चौथं. लहानपणी याने काहीच बिघडत नाही. पण जातीचा दाखला काढायची वेळ येते तेव्हा चार नावांची चार माणसं होतात.

त्या हिवाळ्यात आमच्याच एका मुलीचे वडील पंचायतीत आले. पोरीला पुढच्या शिक्षणासाठी जातीचा दाखला हवा होता. ते टोल्यावरून पायी यायचे, आणि ही त्यांची चौथी खेप होती. ते ताईला म्हणाले, "आता कोनता कागद पायजे, बाई? एकदाच सांगून टाक ना." दर खेपेला त्यांना एकच कागद सांगितला जायचा, आणि तो घेऊन आले की दुसरा! कुणी मुद्दाम छळत होतं असं नाही. ज्याच्या टेबलाशी जो कागद, तेवढंच त्याला ठाऊक. सगळी साखळी कुणीच सांगत नव्हतं.

ताईने त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि माडियात सगळं विचारून घेतलं. मग दोन दिवस खपून पूर्ण यादी केली. त्यात एक गंमतशीर नाव होतं, कोतवाल पंजी. विदर्भात पूर्वी गावचा कोतवाल जन्म-मृत्यू लिहून ठेवायचा. त्या जुन्या वह्या तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीपासून कुटुंब इथलं असल्याचा पुरावा मागतात. मग पणजोबांच्या जन्माची नोंद कोतवाल पंजीत शोधायची आणि तिची नक्कल घ्यायची. तुमच्या शाळेच्या दाखल्यासाठी तुमच्या पणजोबांचा जन्म! हसू येतं ना? त्या वडिलांना मात्र येत नव्हतं.

ताईने काय केलं ठाऊक आहे? कोणता कागद, कोणत्या कचेरीत, कोणत्या टेबलावर, सोबत काय न्यायचं, हे सगळं जाड अक्षरात एका पुठ्ठ्यावर लिहिलं आणि पंचायतीच्या बाहेरच्या भिंतीवर टांगलं. वाचता न येणाऱ्याला ती तोंडी सांगायची. ते वडील त्यानंतर दोनच खेपा गेले आणि दाखला मिळाला. शासनाचा २०१५ सालचा लोकसेवा हक्क कायदा सांगतो की ठरवलेल्या सेवा ठरलेल्या मुदतीत मिळायलाच हव्यात. कायदा चांगलाच आहे. पण मुदत सुरू होते ती पूर्ण अर्ज आल्यावर, आणि अर्ज पूर्ण कशाने होतो हे कुणी सांगायचं? माझ्या मते ताईचा पुठ्ठा त्या कायद्याइतकाच कामाचा होता.

सगळंच तिला पहिल्या झटक्यात जमलं असं मुळीच नाही हं. २६ जानेवारीच्या ग्रामसभेचं इतिवृत्त लिहायचं काम तिच्याकडे आलं. ग्रामपंचायत आणि ग्रामसभा यांत तुमची गल्लत होत असेल. ग्रामपंचायत म्हणजे निवडून दिलेले थोडे जण. ग्रामसभा म्हणजे गावातले सगळे मतदार. गडचिरोलीचा मोठा भाग आणि चंद्रपूरचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला जास्तीचे अधिकार आहेत. तर, सभा झाली माडियात आणि लिहायचं मराठीत! तेंदूपत्त्याचे पैसे, रस्ता, पाणी अशी दोन तास बोलाचाली झाली. ताईने लिहिलं, 'विविध विषयांवर चर्चा झाली.' एक म्हातारे आजोबा उठले. म्हणाले, "मी काय बोललो ते वाच." त्यात ते नव्हतंच! उन्हाळ्याच्या आत बोडीची पाळ दुरुस्त करा, नाहीतर धानाला पाणी राहणार नाही, असं ते कळकळीने बोलले होते. (बोडी म्हणजे शेताजवळचा लहान तलाव.) ताईचा चेहरा उतरला. पण तिने पान तिथेच पुन्हा लिहिलं, आजोबांचं म्हणणं ठराव म्हणून घातलं आणि माडियात वाचून दाखवलं. रोजगार हमीतून बोडीचं काम मागताना तोच ठराव जोडला गेला.

एका ओळीने काय होतं, असं वाटेल. मग धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) पाहा. गडचिरोलीहून साधारण ३० किलोमीटरवर हे लहानसं गोंड गाव आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखी माणसं तिथे लोकांबरोबर वर्षानुवर्षं बसून कायदे वाचत राहिली. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली त्या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायला वाहतुकीचा परवाना लागायचा, आणि त्याचं पुस्तक वनखात्याकडे. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत ते पासबुक ग्रामसभेच्या हाती आलं. वनहक्काचा दावा ग्रामसभेच्या ठरावाने पुढे जातो. तो ठराव कुणीतरी नीट लिहावा लागतो, मुलांनो.

अशी उमेदवारी मोठमोठ्यांनाही चुकलेली नाही. आयएएस झालेले तरुण मसुरीच्या अकादमीत शिकतात आणि मग त्यांना एखाद्या जिल्ह्यात जवळजवळ वर्षभर पाठवतात. तिथे ते तहसीलदाराचं, गटविकास अधिकाऱ्याचं काम करून पाहतात. २०१२ साली 'पंतप्रधान ग्रामीण विकास फेलो' म्हणून उच्चशिक्षित तरुण नक्षलग्रस्त जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांबरोबर काम करायला आले होते. त्या जिल्ह्यांत गडचिरोलीही होता. ती योजना आता नाही. महाराष्ट्रात २०१५ साली मुख्यमंत्री फेलोशिप सुरू झाली, मध्यंतरी बंद पडली आणि २०२३ मध्ये पुन्हा चालू झाली. तिला पदवीधर लागतात, वय २१ ते २६. यांतल्या आयएएसवाल्यांना शिकणं संपलं की खुर्ची ठरलेली असते. आमच्या ताईला नव्हती.

ही योजना फक्त प्रशिक्षणाची, नोकरीची नाही, हे पहिल्यापासून कागदावर होतं. ताईलाही ते ठाऊक होतं. पण अकरा महिने रोज कुलूप उघडणाऱ्या माणसाच्या मनात उमेद धरतेच. राज्यात ठिकठिकाणी प्रशिक्षणार्थींनी मोर्चे काढले, आम्हाला कामावर कायम ठेवा म्हणून. ताई काही मोर्च्याला गेली नाही. गाडीभाडं परवडत नव्हतं. मला विचाराल तर दोन्ही बाजू खऱ्या. भरती परीक्षेनेच व्हायला हवी. नाहीतर परीक्षेची तयारी करणाऱ्या दुसऱ्या ताईवर अन्याय होईल. आणि शिकवून तयार केलेलं माणूस घरी पाठवायचं, ग्रामसेवक मात्र दोन-दोन पंचायतींत पळत राहणार, हेही मला पटत नाही.

पुढच्या पोळ्याच्या आधी तिचा शेवटचा दिवस आला. प्रमाणपत्र मिळालं. सरपंचबाईंनी चिवडा-चहा केला. दुसऱ्या दिवशी टोल्यावरची एक आजी पंचायतीच्या दाराशी येऊन बसली आणि दुपारपर्यंत बसूनच राहिली. तिला मराठी कळत नव्हतं. शेवटी आमच्या चौथीतल्या एका मुलाला मी बोलणं समजावून सांगायला पाठवलं. काम होतं घरकुलाच्या यादीतल्या नावाचं. पाच मिनिटांत झालं.

ताई आता सरळसेवा भरतीचा अभ्यास करते. सकाळी घरचं धान, दुपारी आमच्या शाळेच्या रिकाम्या खोलीत पुस्तकं. पंचायत राजवरचे प्रश्न आले की तिला पुस्तक उघडावं लागत नाही म्हणे. गणित मात्र छळतं. ते मी शिकवते, संध्याकाळी शाळा सुटल्यावर. अजून परीक्षा व्हायची आहे. तिचा नंबर लागला की तुम्हाला कळवीनच.