मावळात तंबू ठोकण्याआधी

जैसलमेरच्या वाळूच्या टेकड्यांवर तंबूची खुंटी सहज रुतते, पण टिकत नाही. मावळात एकदा रुतली की टिकते, पण रुतायलाच तयार नसते! वीतभर मुरूम उकरला की खाली काळा कातळ. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला हा लाव्हा. टणक थरांचे कडे झाले, ठिसूळ थर झिजून पायऱ्या पडल्या. आपल्या गडांच्या कित्येक माच्या म्हणजे याच पायऱ्या.

पवनेच्या काठी मुक्काम असेल तर उजाडल्यावर चार किल्ले ओळखा. त्रिकोणी माथ्याचा तिकोना, टोकदार तुंग आणि गायमुख खिंडीच्या दोन अंगांना लोहगड-विसापूर. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्याव्या लागलेल्या २३ किल्ल्यांत हे चौघेही होते. लोहगडाला २०२५ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, तरी उंचीत विसापूरच थोरला. १८१८ च्या मार्चमध्ये इंग्रजांनी आधी विसापूर घेतला, मग लोहगड लढाईविनाच पडला. लोहगडावरची नाना फडणवीसांची सोळाकोनी बावडी बघितल्याशिवाय विंचूकाटा माचीकडे धावू नका.

मला स्वतःला या मुलखातली सर्वांत भारी गोष्ट वाटते ती पाण्याची. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. कुरवंड्याच्या बाजूला पडलेला थेंब इंद्रायणीत शिरतो आणि देहू-आळंदी करत, भीमा-कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागराला मिळतो. तिथून हाकेच्या अंतरावर, राजमाचीच्या दरीत पडलेला थेंब उल्हास नदीतून अरबी समुद्रात. ढग एकच, समुद्र दोन! त्यात माणसाने तिसरी वाट काढली. टाटांनी वळवण, लोणावळा आणि शिरवत्याला धरणं बांधली, पूर्वेकडे निघालेलं पाणी अडवलं आणि मोठाल्या नळांतून घाटाखाली खोपोलीला सोडलं. १९१५ पासून त्या पाण्यावर वीज तयार होऊ लागली आणि मुंबईच्या गिरण्या चालल्या. पावसाळी गर्दीचं भुशी धरणही मुळात रेल्वेने बांधलं, वाफेच्या इंजिनांना पाणी हवं म्हणून.

मळवलीला लोकलमधून उतरलात तर भाजे लेण्यांत डोकं वर करून बघाच. चैत्यगृहाच्या छताला खऱ्या लाकडाच्या कमानी आहेत आणि त्यांचं वय दोन हजार वर्षांच्या वर आहे. बाहेर चार महिने एवढा पाऊस, आणि आत लाकूड शाबूत!

आता राजमाची. श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले, मधे उधेवाडी. मे संपता संपता, पहिल्या सरींच्या आसपास इथली झाडं काजव्यांनी लखलखतात. एक काजवा पानावर बसलेला निरखून बघा: पोटाचं शेवटचं टोक फिकट पिवळसर असतं, उजेड तिथूनच येतो, आणि त्यात उष्णता जवळजवळ नसतेच. उडत उघडझाप करणारे बहुतेक नर. मादी खाली गवतात किंवा पानावर बसून, पसंत पडला तर उलट चमकून उत्तर देते. त्यांची सगळी सोयरीक या खुणांवर जमते. म्हणून तिथे टॉर्च, मोबाईलचा फ्लॅश आणि गाडीचे हेडलाइट मारणं मला अजिबात पटत नाही. आपल्या झगमगाटात त्यांना एकमेकांची खूण दिसत नाही, जोड्या जमत नाहीत आणि पुढच्या वर्षीचे काजवे तेवढे कमी होतात. काजव्याची अळी गोगलगाई खाते, त्यामुळे शेतकऱ्यालाही ती हवीच असते.

कारवी मात्र कॅलेंडर बघून ठरवावी लागते. घाटमाथ्यावरची ही झुडपं सात वर्षांनी एकदाच जांभळी होतात, बी धरतात आणि वाळून जातात.

आणि तंबूच न्यायचा नसेल, तर जांभिवलीहून कोंढेश्वरामार्गे ढाकच्या बहिरीला जा. वाट निसरडी आहे, शेवटी दोर आणि लाकडाच्या आधाराने कडा चढावा लागतो. तेव्हा पावसाळ्यात नाहीच, आणि एरवीही जाणता सोबती घेऊनच. वर गुहेत बहिरीचं ठाणं, कातळात टाकी आणि स्वयंपाकाला भांडी! देवाची म्हणून ठेवलेली ही भांडी कोणीही वापरावीत, घासून जागच्या जागी ठेवावीत. खाली मात्र त्यातला चमचाही कोणी नेत नाही.